एच-इंडेक्स ३१ की १४? गाईडची प्रकाशनसूची वाचताना

खानापूरहून एम. फार्म. झालेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, पीएच.डी.साठी बेळगावातच दोन मार्गदर्शक मिळण्यासारखे आहेत, तर निवड कशी करावी. पहिल्या सरांच्या नावावर १८० शोधनिबंध आणि एच-इंडेक्स ३१ आहे. त्यांचा पहिला निबंध १९९४चा. दुसऱ्या मॅडमच्या नावावर ३८ निबंध आणि एच-इंडेक्स १४ आहे. त्यांचा पहिला निबंध २०१२चा. घरचे, सीनिअर आणि ओळखीचे प्राध्यापक सगळे एकच सांगतात, ‘आकडा बघ आणि सरांकडे जा.’ आकड्यावर ठरवायचे का, हा तिचा प्रश्न आहे.

आकड्यावर ठरवू नये. आकड्यामागची यादी मात्र ओळीन् ओळ वाचावी, असे माझे उत्तर आहे. बेळगावातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी सव्वीस वर्षे गेली. बढतीचे अर्ज, निवड समित्यांचे तक्ते आणि अनुदानाचे प्रस्ताव यांसाठी डॉक्टरांच्या व संशोधकांच्या प्रकाशनसूच्या तयार करणे आणि दुसऱ्यांनी केलेल्या तपासणे हे त्यातले निम्मे काम. त्या अनुभवावरून सांगतो. आपल्याकडे जमीन घेताना उताऱ्यावरचे एकूण क्षेत्र पाहून कोणी इसार देत नाही. खातेदार किती, कोणाची आणेवारी किती, बोजा चढला आहे का आणि प्रत्यक्ष कसतो कोण, हे आधी पाहिले जाते. प्रकाशनसूचीही तशीच वाचायची असते, आणि एच-इंडेक्स हे त्यातले फक्त एकूण क्षेत्र आहे.

हे माप अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली सुचवले. समजा एखाद्याचे सात निबंध आहेत आणि त्यांना ४१, १८, ९, ६, ५, २ आणि ० अशी सायटेशन मिळाली आहेत, म्हणजे इतरांच्या निबंधांत त्यांचा तितक्या वेळा संदर्भ दिला गेला आहे. उतरत्या क्रमाने लावून वरून मोजत यायचे. पाचव्या निबंधाला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाला ४१च्या जागी ४,१०० मिळाली असती तरी उत्तर ५ च आले असते. एखादा निबंध नशिबाने गाजला म्हणून माणूस मोठा दिसत नाही, हा या मापाचा गुण. आणि एखादा निबंध खरोखरच मोठा असला तरी तो दिसत नाही, हा त्याच गुणाचा दोष. शिवाय हा आकडा सहसा उतरत नाही. माणूस निवृत्त होऊन टिळकवाडीत बाग फुलवत बसला तरी त्याचे जुने निबंध उद्धृत होत राहतात आणि एच-इंडेक्स वाढत राहतो. म्हणूनच हर्श यांनी त्याच लेखात या आकड्याला संशोधनाच्या वर्षांनी भागून पाहण्याची रीत सांगितली होती. आकडा सगळ्यांनी घेतला, भागाकार मात्र सोडून दिला. तुमच्या दोन मार्गदर्शकांना तो लावून पाहा. दोघांचाही हिशेब वर्षाला साधारण एक असाच येतो. ज्या फरकावर तुमच्या घरी इतकी चर्चा चालली आहे, तो बहुतांशी वयाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट अशी की ३१ हा आकडा कोणत्या मोजणीतला आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. मोजणारे मुख्यतः तीन. वेब ऑफ सायन्स हे यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली काढलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्सचे आजचे रूप. स्कोपस आणि गूगल स्कॉलर हे दोन्ही २००४ मधले. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे निवडून घेतलेली नियतकालिके आणि मोजकी पुस्तके व परिषदा एवढेच मोजतात. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील निबंध, पुस्तके, छापण्याआधी ऑनलाइन टाकलेली हस्तलिखिते असे जे जे सापडेल ते मोजते, त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. एकाच माणसाचा स्कॉलरवर ३१ आणि स्कोपसवर १९ असा फरक मी अनेकदा पाहिला आहे आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. पण सरांचा स्कॉलरवरचा आणि मॅडमचा स्कोपसवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एकराची गुंठ्यांशी तुलना करणे होय. पबमेडविषयीही एक गैरसमज काढून टाकावा: ती निबंधांची सूची आहे, एच-इंडेक्स मोजणारे यंत्र नव्हे.

आता नावांकडे येतो, कारण आमच्या भागात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पबमेडमध्ये २००२ पूर्वीच्या निबंधांवर लेखकाचे फक्त आडनाव आणि आद्याक्षरे असतात. ‘पाटील एस’ असे शोधले की सुरेश, संगीता, शिवानंद आणि सिद्धाप्पा असे सगळे एकाच गोणीत येतात. त्यात मराठी रीतीने मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे, कन्नड रीतीने आद्याक्षरे नावाच्या आधी, आणि लग्नानंतर बदललेले आडनाव वेगळेच. पत्त्याचीही तीच कथा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव बदलले, म्हणून जुन्या निबंधांवर ‘बेलगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असे इंग्रजी स्पेलिंग आहे. (आपण बेळगावच म्हणतो, पण ते डेटाबेसला ठाऊक नाही.) त्याच २०१४ सालापासून पबमेडने सर्व लेखकांचे पत्ते नोंदवायला सुरुवात केली, त्याआधी केवळ पहिल्या लेखकाचा पत्ता दिला जाई. संस्थांची नावेही बदलली आहेत. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) इथले प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र आता राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था झाले आहे, पण संगणकाच्या दृष्टीने त्या दोन संस्थाच आहेत.

गेल्या पावसाळ्यात निपाणीच्या एक डॉक्टर बाई बढतीच्या अर्जासाठी आल्या होत्या. रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकून त्या शेजारी बसल्या आणि मी त्यांचे नाव शोधले तेव्हा सात निबंध आले. ‘माझे एकोणीस आहेत,’ असे त्या म्हणाल्या. माहेरचे आडनाव घातले तेव्हा पाच आणखी सापडले. एका नियतकालिकाने पतीचे नावच आडनाव समजून छापले होते, तिथे तीन. उरलेले चार शोधायला आम्ही जुन्या स्पेलिंगने शहराचे नाव घातले तर काहीच आले नाही, कारण ते २०१४ पूर्वीचे होते आणि बाई त्यांत पहिल्या लेखिका नव्हत्या. शेवटी सहलेखकांच्या नावांवरून ते हाती लागले. एवढ्या कामाला दोन तास आणि तीन चहा लागले. हे सांगण्याचे कारण असे की मॅडमचा १४ हा आकडा लग्नाआधीचे निबंध धरून आहे की वगळून, हे तुम्ही तपासलेले नसावे.

उलट दिशेची चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांच्या यादीत मी त्यांच्याच नावाच्या धारवाडच्या दुसऱ्या डॉक्टरांचे चार निबंध घातले. मुलाखतीत नेमका त्यांतल्या एकावर प्रश्न आला आणि त्या गृहस्थांना, ‘हा माझा नाही,’ असे सांगावे लागले. तेव्हापासून ज्याची यादी असेल त्याला एकेका निबंधापुढे स्वतःच्या हाताने खूण करायला लावतो. २०१२ साली सुरू झालेला ओआरसीआयडी हा सोळा अंकी क्रमांक याच दुखण्यावरचा उपाय आहे. तुमच्या दोन्ही मार्गदर्शकांकडे तो असला तर यादी तिथून घ्या. स्कॉलरवरच्या पानात गूगल आपणहून भलत्याचे निबंध घालते, आणि ते काढून टाकण्याची तसदी पुष्कळ जण घेत नाहीत.

यादी शुद्ध झाली की प्रत्येक निबंधात त्या व्यक्तीचे स्थान पाहा, कारण एच-इंडेक्सला पहिला लेखक आणि सत्ताविसावा लेखक सारखेच. जैववैद्यकात रूढ रीत अशी आहे की बहुतेक काम केलेल्याचे नाव पहिले, ज्याच्या प्रयोगशाळेत आणि देखरेखीखाली काम झाले त्याचे शेवटचे, आणि पत्रव्यवहाराची जबाबदारी घेणारा करस्पाँडिंग ऑथर बहुधा या दोघांपैकी एक. मधल्या नावांत खरे सहकारी असतात, आणि विभागप्रमुख म्हणून आदराने घातलेलेही असतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवून घेण्यासाठी चार अटी घातल्या आहेत: कामाची कल्पना, आखणी, माहिती किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात बौद्धिक सुधारणा करणे, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी स्वीकारणे. चारही अटी पूर्ण व्हायला हव्यात. आदराने घातलेले नाव पहिल्याच अटीत बाद होते, पण ते तिथे आहे हे सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२च्या पात्रता नियमांत पहिल्या तिघांतला किंवा करस्पाँडिंग ऑथरच धरण्याची अट घातली, ती याच कारणाने. त्यानंतर ‘पहिल्या तिघांत घ्या’ अशा विनवण्या वाढल्या, हा त्या अटीचा दुसरा परिणाम मी टेबलाच्या या बाजूने पाहिला.

अनेक लेखकांचा निबंध म्हणजे फुगवटाच, असा मात्र अर्थ काढू नये. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण आहे. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इथले जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांचा एक निबंध आला. बेळगाव जिल्ह्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांना एएनएम (परिचारिका-सुईणी) भगिनींनी मिसोप्रोस्टॉल किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. म्हणजे १८ स्त्रियांना औषध दिले तर एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. एकट्या या निबंधामुळे ते झाले असे नाही, पण अशा चाचण्यांच्या आधाराशिवायही ते झाले नसते. ज्या भगिनी रात्री-अपरात्री पायवाटेने जाऊन रक्त मोजण्याची पिशवी लावत होत्या, त्यांच्या कामाला एच-इंडेक्स नाही. त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या आणखी मोठ्या झाल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, गरोदरपणातील कमी मात्रेच्या ॲस्पिरिनच्या चाचणीत सहा देशांतील ११,९७६ स्त्रिया होत्या आणि बेळगाव हे तिचे एक केंद्र होते. अशा निबंधात नाव येणे हा मान आहे. फक्त तो मान सामुदायिक असतो. कोणी काय केले हे निबंधाच्या शेवटी लिहिलेले असते, ते वाचा. सरांच्या सर्वाधिक सायटेशन असलेल्या ३१ निबंधांपैकी असे किती, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतले किती, ही विभागणी तासाभरात होते.

निबंध कोणत्या जातीचा आहे, यानेही सायटेशनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. समीक्षालेखाला मूळ संशोधनापेक्षा सहज अधिक सायटेशन मिळतात, कारण लिहिणाऱ्याला दहा मूळ निबंध शोधण्यापेक्षा एक समीक्षा उद्धृत करणे सोपे जाते. पद्धत सांगणारे निबंध तर सगळ्यांच्या पुढे असतात. १९५१ साली लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिन मोजण्याची जी रीत छापली, त्या निबंधाला तीन लाखांहून अधिक सायटेशन आहेत. तुम्ही फार्मसीत ती रीत हाताने केलीच असेल. ते शतकातले सर्वांत मोठे शोधकार्य होते, असे खुद्द लॉरीही म्हणत नसत. सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे, हेही लक्षात असू द्या. गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा वेकफील्ड यांचा १९९८चा निबंध लॅन्सेटने २०१० साली मागे घेतला, तरी त्याची सायटेशन वाढतच आहेत; त्यांतली पुष्कळशी तो कसा चुकीचा होता हे सांगणारी आहेत आणि मोजणीत तीही जमेलाच धरली जातात.

विषयाचा मुद्दा तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. एका मार्गदर्शकाचे काम नरक्या या घाटातल्या झाडावर आहे आणि दुसऱ्याचे माकडतापावर, असे धरू. नरक्यातून कॅम्पटोथेसिन मिळते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात, म्हणून त्या रेणूवर जगभर काम चालते आणि निबंध वाचणारे व उद्धृत करणारे भरपूर. माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये खानापूरला लागून असलेल्या गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याचे रुग्ण आढळले. चोर्ला घाट उतरून काजूच्या बागांत कामाला जाणाऱ्या आपल्या माणसांना त्यावरच्या संशोधनाची जितकी गरज आहे, तितकी बोस्टनमधल्या प्रयोगशाळेला नाही. साहजिकच सायटेशन थोडी. या दोघांचे आकडे शेजारी ठेवणे अन्यायाचे आहे. यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये एक बरा उपाय काढला: निबंधाला वर्षाला मिळालेली सायटेशन त्याच विषयातल्या इतर निबंधांशी ताडून पाहायची. त्यांच्या निधीतल्या निबंधांचा मध्य १ धरलेला असतो; म्हणजे १.५ आले तर त्या मध्यापेक्षा दीडपट. आयसाईट नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर पबमेडचे क्रमांक घातले की हा हिशेब फुकट मिळतो. पबमेडमध्ये नसलेल्या निबंधांना तो लागू नाही, आणि वनौषधींवरचे बरेच निबंध तिथे नसतात, ही त्याची मर्यादा.

इम्पॅक्ट फॅक्टरवर फार शब्द खर्चणार नाही. तो नियतकालिकाचा असतो, निबंधाचा किंवा माणसाचा नसतो. मागल्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या, एवढाच तो हिशेब. स्फटिकशास्त्राच्या एका जुन्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २च्या आसपास होता आणि २००९ साली जवळजवळ ५०वर गेला. कारण जॉर्ज शेल्ड्रिक यांचा संगणक प्रणालीवरचा एकच लेख जगभर उद्धृत झाला. शेजारी छापलेल्या लेखांच्या गुणवत्तेत तसूभरही फरक पडला नव्हता. सरांच्या यादीपुढे इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज लिहिलेली असेल तर, अशी बेरीज करणाऱ्याला हे माप समजलेले नाही, एवढेच त्यावरून कळते.

आता बोजा. प्रत्येक मार्गदर्शकाचे नाव मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या सूचीत आणि छापलेल्या निबंधांवरच्या शंका-तक्रारी मांडल्या जातात त्या पबपीअर या संकेतस्थळावर शोधा. एखादा निबंध प्रामाणिक चुकीमुळे स्वतःहून मागे घेतला असेल तर मी तो माणसाच्या जमेला धरतो. चित्रे किंवा माहिती दोनदा वापरल्याच्या तक्रारी चार-पाच निबंधांवर असतील तर तिथून निघावे. स्वतःच्याच निबंधांची सायटेशन वगळून आकडा किती राहतो, हे स्कोपसवर एका खुणेने दिसते. दहातली दोन-तीन स्वतःची असली तर मी दचकत नाही, एकाच वनस्पतीवर आयुष्य काढणाऱ्याने स्वतःला उद्धृत करू नये तर कोणाला करावे. निम्म्याहून अधिक असली तर मात्र दचकतो. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांतले निबंध वेगळे काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे’ हे उत्तर आता चालणार नाही. नियतकालिकाचे संपादक मंडळ आणि दोन-तीन अंक स्वतः चाळावे लागतील. दरवर्षी वर्तमानपत्रात ‘जगातील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’ अशी बातमी येते, तिच्यावरही निर्णय सोपवू नये. ती यादी स्कोपसच्या माहितीवरून तयार होते, तिच्यात लेखकाच्या स्थानालाही वजन दिलेले असते आणि म्हणून ती नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा बरी आहे. पण प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला द्रावणे वेळेवर मिळतात की नाही, हे तीत कुठेच नसते.

तुम्हाला खरे पाहायचे आहे ते हेच. त्यासाठी शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जा. मार्गदर्शकाच्या नावाने शोधले की त्यांच्या हाताखाली सादर झालेले प्रबंध मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव घेऊन तेच मार्गदर्शकाच्या यादीत शोधा. त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव निबंधात पहिले आहे का? निबंध प्रबंधाच्या आसपासच्या वर्षांत आला का, की चार वर्षांनी, कोणा दुसऱ्याच्याच नावाने आला? नोंदणीपासून सादरीकरणापर्यंत किती वर्षे गेली? शक्य असेल तर त्यांतल्या दोघांना फोन करा, आणि सर कसे आहेत असे न विचारता, पहिला मसुदा दिल्यावर तो किती दिवसांनी दुरुस्त होऊन परत आला, एवढेच विचारा.

तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून आजचा माझा कल मॅडमकडे आहे, कारण ३८ निबंध करणाऱ्याला त्यांतला प्रत्येक निबंध वाचायला वेळ मिळालेला असतो, असा माझा अनुभव आहे. पण सरांच्या शेवटच्या पाच विद्यार्थ्यांपैकी तिघांची नावे निबंधांत पहिल्या जागी निघाली आणि पाचही जणांचे प्रबंध पाच वर्षांच्या आत सादर झालेले असले, तर मी माझे मत बदलेन आणि तुम्हाला सरांकडेच पाठवीन.